ब्रेकला वारा लागू दे

"पाणी ओतू नको, विशाल! ब्रेकचा तापलेला ड्रम तडकंल!"

माझा नवरा बाळाराम कधी ओरडत नाही. कसारा घाटात, धूर निघणाऱ्या चाकापाशी तो ओरडला आणि माझ्या भावाच्या हातातला कॅन तिथंच थांबला.

उतारावर ब्रेक धरेना, तेव्हा विशालने गिअर पाडत कसाबसा टेम्पो कडेला घेतला होता. पुढे त्याची बायको सुकन्या, तिच्या मांडीवर माझी तान्ही भाची. मागे आम्ही दोघं आणि सुकन्याच्या माहेरच्या, इगतपुरीच्या तांदळाची पोती. संध्याकाळी नारपोलीला माझ्या माहेरी बारसं. नाव ठेवणारी आत्या मी.

राहनाळला गोदामाच्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करण्यात बाळारामचा जन्म गेला. सकाळी नारपोलीहून निघतानाच त्याने टेम्पोच्या चाकांवरच्या चकचकीत टोप्या काढायला लावल्या होत्या. "घाट हाय, वजन हाय. ब्रेकला वारा लागू दे," एवढंच म्हणाला. आता बघते तर टोप्या पुन्हा जागच्या जागी!

"सासुरवाडीत उघडी चाकं बरी दिसत न्हाय, म्हणून बसवल्या," विशाल पुटपुटला.

"मेल्या, पोर हाय ना गाडीत!" मी तुटून पडले.

"काशे, गप. घाबरलाय तो," बाळाराम मला म्हणाला.

त्याने चाकांखाली दगड लावले, टोप्या उचकटल्या आणि वाट बघत बसला.

"दाजी, निघू ना. पाव्हणे खोळंबलेत."

"निवू दे."

भाची रडून रडून झोपली. हा आपला चाकाजवळ हात नेऊन बघतोय, पुन्हा बसतोय. मग ब्रेक नीट धरतोय याची खात्री करून तो स्वतः स्टिअरिंगवर बसला. खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला अधूनमधून उसंत देत त्याने गाडी उतरवली. मागचे ट्रकवाले शिव्या घालत होते. एरवी मीच त्याला रेंगाळ्या म्हणते. त्या दिवशी मात्र त्याच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला.

विशालचे सासू-सासरे जीपने आमच्या आधीच पोचले होते. माझी आई पुतळाबाई दारातच कडाडली, "सगळी कवाची बसलीत! जावईबापू, तुमीच थांबवली असंल गाडी!"

विशालने मान खाली घातली. त्याचे सासरे बघत होते.

"हां आई, मीच थांबवली," बाळाराम म्हणाला आणि तांदळाचं पोतं पाठीवर घेतलं. जावई असून.

माझी जीभ शिवशिवत होती. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी गिळलं सगळं.

पाळण्यावर वाकले. बायकांनी माझ्या पाठीवर धपाटे घालायला हात उगारले. भाचीच्या कानाशी तोंड नेऊन मी हळूच म्हटलं, "बाई गं, तुला घाटातून सुखरूप खाली आणलं ते तुझ्या आत्याच्या नवऱ्याने. तुला तरी ठाऊक असू दे."

"काशे, नाव एवढं लांब हाय का गं?" मागून कोणीतरी हसलं.

पदराने डोळे पुसले आणि मग सांगितलं, "रुचिका."