दुसऱ्यांदा बसवलेला टर्बो

मित्रांनो, उज्जैनच्या आगर रोडवर एक गॅरेज आहे. तिथल्या निकामी सामानाच्या डब्यात मी पडून आहे. मला टर्बो म्हणतात. तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण आमची सगळी जात बॉनेटच्या आत, इंजिनाला चिकटून राहते. दिसायला मी लोखंडी शंखासारखा. पोटात बोटाएवढा दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनाचा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याबरोबर दुसरा फिरतो आणि इंजिनात जोराने हवा भरतो. म्हणून माणसं आणि सामान भरलं तरी गाडी हसतखेळत चढ चढते. मी मिनिटाला लाखभर फेरे घेत असे. बढाई मारत नाही. आता मारून करायचंय काय?

आमचा जीव तेलात असतो. इंजिनाचं तेल दांड्याभोवती फिरतं, त्यावर तो तरंगतो. इंजिन बंद झालं की तेलही थांबतं. दामटून आणलेली गाडी थांबताक्षणी बंद केली, तर मी तापून लाल असतो आणि पोटातलं तेल तिथेच जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून चावी फिरवण्याआधी दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मला निवू द्यायचं. एवढंच आमचं मागणं.

माझे पहिले मालक तात्या. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत घोडे सांभाळत. देवासला मुलीला भेटून परत आले की तात्या अंगणात इंजिन चालू ठेवून स्वस्थ बसून राहत. घरचे हसायचे. तात्या म्हणत, "दौडवलेला घोडा लगेच बांधू नये रे. आधी चार पावलं चालवावा, घाम जिरू द्यावा." त्यांच्याकडे आठ वर्षं मी एकदाही कुरकुरलो नाही. तात्या गेले. पुढे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीला ट्रकने चेपलं आणि गाडी भंगारात गेली. मी तेवढा धडधाकट निघालो. अभिजीत मिस्त्रीने मला धुऊन पुसून गॅरेजच्या फळीवर ठेवलं.

तिथे एके दिवशी सुहासकाका आले. बँकेच्या नोकरीसाठी साताऱ्याहून आलेले, निवृत्त होऊन इथेच, उज्जैनच्या नानाखेडा भागात राहिलेले. त्यांच्या गाडीचा टर्बो गेला होता, आणि गाडीशिवाय त्यांचं भागणार नव्हतं. त्यांच्या पत्नी कल्पनाकाकूंना कॅन्सर झाला होता. रोज इंदूरला नेऊन सिकाई करावी लागे. सिकाई म्हणजे यंत्राखाली दिलेला किरणांचा शेक, रेडिएशन. एकूण तेहतीस वेळा द्यायचा होता, बारा झाले होते. मध्ये खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि काकूंना वाटेत मळमळे, उलट्या होत. मागच्या सीटवर आडवं पडूनच त्या प्रवास करू शकत.

अभिजीत म्हणाला, "काका, नवा मागवला तर आठ दिवस लागतील. तुमचाच खोलून आतला गाभा बदलायचा तर चार. आणि हा एक आहे, वापरलेला, पण नंबर जुळतो. आज शामपर्यंत गाडी देतो." त्याने माझा दांडा बोटाने हलवून दाखवला. जराही डगडगला नाही.

"तू कोणता घेतला असतास?"

"सच बोलू? घाई नसती तर नवा."

"घाई आहे रे. उद्या तेरावी आहे," काका म्हणाले, आणि मी निवडला गेलो. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मला बसवताना अभिजीतने विचारलं, "तेल तर टाइमावर बदललंय. मग जळलं कसं? गरम गाडी झटकन बंद करता का?"

काका म्हणाले, "परतताना रोज गावाबाहेर त्रिवेणीला थांबतो, शनिमहाराजांच्या देवळासमोर. सिकाई संपेपर्यंत रोज तेल वाहीन असा तिचा नवस आहे. देवाच्या दारात इंजिन घुरघुरत ठेवायचं नाही, म्हणते. थांबलो की लगेच बंद करायला लावते."

"देवाला हात जोडा, मना कोण करतंय? पण आधी दोन मिनिट चालू राहू द्या. नाहीतर हाही जाईल."

दुसऱ्या दिवशी इंदूरहून येताना आम्ही त्रिवेणीला थांबलो. मी अंगभर तापलो होतो. काकू हातात तेलाची बाटली घेऊन उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, बंद करा ना. देवासमोर आवाज नको."

काकांचा हात चावीवर थांबला. मी मनात म्हणत होतो, सांगा, सांगा. पण सकाळीच जाताना काकू म्हणाल्या होत्या, "माझ्यामुळे तुमची फरफट चाललीय." आता तुझ्या नमस्कारापायी गाडी मोडली, हे काकांच्या तोंडून निघेना. त्यांनी चावी फिरवली.

शेवटचा कोसभर रस्ता हळू चालवला असता तरी मी निवलो असतो. पण काकूंचे हाल बघून काकांना घर गाठायची घाई असे. रोज हेच. काकू देवाला तेल वाहून येत आणि बॉनेटखाली माझ्या पोटातलं तेल करपत राही. मला देवाचा राग नाही, काकूंचाही नाही. काकांचा येई. पण त्यांचा चेहरा आठवला की तोही टिकत नसे.

पंधरा दिवस मी सोसलं. अठ्ठाविसाव्या सिकाईला जाताना, इंदूरच्या वाटेवर सांवेरच्या अलीकडे, माझा दांडा जाम झाला. मागे काळा धूर, गाडीत दम नाही. काका बोलायच्या आत काकू शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्यांदा झालं. देवाच्याच मनात नाही. मी आता जायची नाही."

आणि खरंच गेल्या नाहीत. दारात आलेली टॅक्सी परत पाठवली. तेव्हा तरी काकांनी सांगायला हवं होतं. पण आता इतके दिवस लपवल्याचंही सांगावं लागणार होतं. यावेळी त्यांनी नवा टर्बो मागवला आणि आठ दिवस वाट पाहिली.

नवव्या दिवशी अभिजीत गाडी घेऊन नानाखेड्याला आला. बदललेला भाग मालकाला दाखवायची त्याची रीत. ओसरीवर काकूंसमोर त्याने मला पिशवीतून काढलं. "काकू, हे बघा, कोळसा झालाय. नव्याला तरी दोन मिनिट थंड होऊ द्या. काकांना मागेच बोललो होतो, त्रिवेणीला एकदम बंद करू नका."

काकूंनी मला हातात घेतलं. त्यांची बोटं फार बारीक झाली होती. "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी काकांना विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे झालं."

"आणि मी नऊ दिवस समजत होते, देवाने मला टाकलं." काकू रडल्या नाहीत. मला खाली ठेवून म्हणाल्या, "दोन मिनिटंच ना? बसले असते की मी गाडीत."

अभिजीतने मला परत आणून या डब्यात टाकलं; दुसऱ्या दिवसापासून काकू पुन्हा इंदूरला जाऊ लागल्या. राहिलेल्या सहाही सिकाया घेतल्या. पडलेला खंड भरून निघत नसतो, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या दिवाळीआधीच काकू गेल्या. त्या खंडामुळेच गेल्या की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. काका मात्र, त्यामुळेच गेली, असं स्वतःला सांगून बसलेत. परवा गाडीचं तेल बदलायला आले होते, तेव्हा अभिजीतला म्हणाले, "मी तिला जपत होतो रे." अभिजीतने तेलाचं झाकण घट्ट केलं आणि बॉनेट हळूच लावलं.

मित्रांनो, गाडी थांबली की तिला दोन मिनिटं निवू द्या. हे तुम्हाला कुठलाही मिस्त्री सांगेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे. घरातलं कुणी आजारी असेल, हळवं असेल, तर त्याला जपायचं म्हणून खरी गोष्ट त्याच्यापासून लपवू नका. माणूस रडेल, रागावेल, पण तुमच्याशेजारी बसून राहील.