घरातली पाहुणी

मोरीत भांडी घासताना तिच्या हातातली वाटी ठणकन पडली. पडणारच. थोरल्या दिरांचं वाक्यच तसं होतं.

"ती होय? पाहुणी आहे ती. असते अधूनमधून."

मतदार यादीत नाव घालायला तिनं अर्ज दिला होता. फोटो, जन्माचा दाखला, सगळं जोडलं होतं. पत्त्याचा पुरावा तेवढा तिच्या नावाचा नव्हता. घरातलं झाडून सगळं दिरांच्या नावावर. म्हणून तपासनीस बाई दारात आल्या होत्या. ही इथं राहते का, एवढंच विचारायला. आज 'नाही' लिहिलं गेलं की यंदाचं मत गेलं.

आणि उत्तर देणार कोण, तर दीर. गल्लीत त्यांना 'नेते' म्हणत. मतदान हे पवित्र कर्तव्य आहे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून ऐकवायचे. दूधवालासुद्धा त्यांना चुकवून पलीकडून जायचा. पण धाकटा भाऊ गेल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. यादीत भावजयीचं नाव आलं, की घरात तिचा वाटा आला! असली अक्कल विकतही मिळत नाही, उपजतच असावी लागते.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. मागोमाग लेक, पदराचं टोक मुठीत धरून.

"दादा, पाहुणीनं भरलेला डबा बरा चालतो तुम्हाला."

"तसं नव्हे गं," नेते खाकरले. "कायद्याच्या गोष्टी असतात. तुला नाही कळायच्या."

"साहेब, यादीत नाव आल्यानं घराची वीटसुद्धा कुणाची होत नाही," तपासनीस बाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या. "मत देता येतं फक्त."

"फक्त मत?" नेत्यांचा चेहरा खुलला. "मग लिहा की! लग्न झाल्यापासून इथंच राहते. घरचीच आहे ती आमच्या."

म्हणजे काही द्यावं लागणार नाही म्हटल्यावर ती घरची झाली. तिला राग येईना. रागावण्याएवढा तरी माणूस समोर हवा ना.

बाईंनी दाखवलं तिथं तिनं सही केली, ठळक. नाव यादीत येणार होतं. दार लागलं. नेते चहा सांगून आरामात रेलले.

आत आल्यावर लेकीनं पदर ओढला. तिनं खाली बसून लेकीचे केस कानामागे सारले.

"आई, आपण पाहुणे आहोत ना? मग आपल्या घरी कधी जायचं?"