टक् वाजेपर्यंत

मी एक जुना पुतळा आहे. पुतळा म्हटलं की तुम्हाला चौक आठवेल, कठडा आठवेल, जयंतीचे हार आठवतील. तसलं काही माझ्या नशिबी नाही. मी कमरेपर्यंतच आहे. डोकं, मान आणि छाती, बस्स. हात नाहीत, त्यामुळे मारणाऱ्याला अडवता येत नाही. पाय नाहीत, त्यामुळे पळताही येत नाही. आणि मित्रांनो, माझा जन्मच मार खाण्यासाठी झालेला आहे.

कारखान्यात मला तापलेल्या साच्यातून ओरबाडून काढलं. छातीत जाड स्प्रिंग आणि पत्र्याची पट्टी ठोकून बसवली. मग एका दणकट माणसाने दोन्ही तळहात माझ्या छातीवर रोवले आणि सगळं अंग टाकून दाबलं. छाती दोन इंच आत गेली आणि आतून आवाज आला, टक्! "पास," तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर शिक्का हाणला. पुढे ज्या शब्दासाठी मी पोरींना रडताना पाहिलं, तो मला जन्मतःच मिळाला होता.

त्या आवाजातच माझं सगळं मोल आहे. माणसाचं हृदय बंद पडलं, की वरून छाती दाबून ते चालवावं लागतं. हळू दाबून भागत नाही. पुरेसं खोल दाबलं तरच मी टक् वाजतो. दाबताना एखादी बरगडी मोडली तरी चालते, माणूस वाचला पाहिजे. हे काम अंग चोरून होत नाही.

जळगावच्या एका नर्सिंग शाळेत मी चौदा वर्षं काढली. मॅडम शिकवू लागल्या की मी आ वासून ऐकतो, म्हणून मुलींनी माझं नाव पंडित ठेवलं. दर वर्षी नव्या पोरी यायच्या. तीसदा छाती दाबायच्या, दोनदा नाक चिमटीत धरून तोंडात हवा फुंकायच्या, पुन्हा तीसदा दाबायच्या. माझी मान मुरगळली, ओठ फाटले, छातीवरचं कातडं काळं पडलं. एक आगाऊ पोरगी तर जाता-येता माझ्या खांद्यात सुई खुपसायची. पण कधीतरी एखादी जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन यायची आणि मॅडमना सांगायची, "काल वॉर्डात एक आजोबा परत आणले." तेव्हा माझी काळी पडलेली छातीसुद्धा फुगायची. त्या आजोबांच्या वाटचा मार मी आधीच खाऊन ठेवला होता.

मग दिपमाला आली. साक्रीकडच्या एका खेड्यातली पोर. औषधांची नावं तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं, वॉर्डातल्या म्हाताऱ्या तिलाच हाक मारायच्या. तिने माझ्या छातीवर हात ठेवले आणि चक्क थोपटलं. इतक्या वर्षांत मला कुणी थोपटलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. आणि मी वाजलो नाही.

"दिपमाला, त्याला झोपवायचं नाहीये, उठवायचंय!" कुंदा मॅडम कडाडल्या. वर्ग हसला. दिपमालाने पुन्हा दाबलं. पुन्हा थोपटणंच.

नर्सचा परवाना मिळण्याआधीची ती शेवटची परीक्षा होती. लेखी तिने सहज काढली. प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक समोर उभे राहिले. तिने तीस वेळा दाबलं आणि तीस वेळा मी मुका राहिलो. ती नापास झाली. दोष माझा नव्हता हे मला कळतं, पण माझ्या छातीतला आवाज माझ्याच छातीत अडकून राहिला, ही बोचणी काही जाईना.

त्याच महिन्यात शाळेत नवा पुतळा आला. त्याच्या खांद्यावर दिवा होता. खोल दाबलं की हिरवा लागायचा. सगळ्या पोरी त्याच्याभोवती गोळा झाल्या आणि मला अडगळीत भिरकावलं. मोडक्या स्टुलांखाली मी पडून राहिलो. उंदरांनी माझा डावा कान कुरतडला. मी शिव्या दिल्या असत्या, पण हवा फुंकायला कुणीतरी लागतं.

एक दिवस दिपमाला आली. कुंदा मॅडमना विचारून तिने मला मागून घेतलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर बसवलं. धुळ्याला गाडी बदलली. कंडक्टरने लुगड्याचं टोक उचललं आणि दचकला.

"हे काय, ताई?"

"डमी आहे, दादा. अभ्यासाची."

"अर्धाच दिसतोय. हाफ तिकीट फाडू का याचं?"

सगळी गाडी हसली. दिपमालाने लुगड्याचं टोक पुन्हा माझ्यावर ओढलं. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. पास झाली तर धुळ्याच्या एका दवाखान्यात नोकरी ठरलेली होती आणि राहायला एक खोली. त्या खोलीत ती आपल्या आईला, मंजुळाबाईला, नेणार होती. नापास झाली तर दोघींना त्याच घरात राहावं लागणार होतं. ते घर कसं आहे, हे मला दारातच कळलं.

"कोनं मढं लई उनी घरमा?" तिचा बाप उखर्डू ओरडला आणि त्याने मला लाथ घातली. मी ओट्यावरून खाली गडगडलो. तोंडाला दारूचा भपकारा, डोळे तांबडे. भाकर गार का, म्हणून त्याने मंजुळाबाईच्या कानशिलात ठेवून दिली. ती भिंतीवर आपटली आणि उठून भाकर शेकायला बसली. मित्रांनो, मार खाण्यात मी स्वतःला उस्ताद समजत होतो. पण माझ्यातून निदान टक् तरी येतं. त्या बाईतून आवाजच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप बाहेर गेल्यावर दिपमालाने मला अंगणातल्या निंबाखाली ठेवलं. दाबताना ती माझ्याशी बोलायची. तिने मला तिची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांची असताना खेळता खेळता तिने शेजारच्या पोराला थोबाडीत मारली होती. तेव्हा मंजुळाबाई नुसती एवढंच म्हणाली होती, "तुना हात बी बापनाच शे." त्या दिवसापासून या पोरीने कुणावर हात उचलला नाही. डास बसला तरी ती फुंकर मारून उडवायची. आणि अशा पोरीला लोक म्हणत होते, छाती दाब, मोडेपर्यंत दाब!

महिनाभर मी मुकाच राहिलो. मग एका सकाळी मंजुळाबाई सुजलेल्या डोळ्याने चूल पेटवताना दिपमालाने पाहिली. ती माझ्याकडे तरातरा आली, गुडघे टेकले, कोपर ताठ केले आणि सगळं अंग माझ्यावर घातलं. टक्! तिने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. "सॉरी," ती मला म्हणाली. मग दात-ओठ खाऊन पुन्हा दाबलं. टक्! टक्! टक्! मला एवढा मार कधी पडला नव्हता आणि एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

मंजुळाबाई पदर सावरत धावत आली.

"कितला मारस वं त्याले? त्यानी काय बिघाडं तुनं?"

"मारी नही राहिनू, माय. जगाडी राहिनू."

मंजुळाबाईला ते पटलं नाही. तिने खोबरेल तेलाची वाटी आणली आणि माझ्या फाटक्या कातड्यावर बोट फिरवत विचारलं, "दुखस का रे भाऊ?" हजारो हात माझ्या छातीवर पडले असतील. असं विचारणारी ती पहिली.

परीक्षेला दिपमाला एकटीच जळगावला गेली. परत आली ती पांढरीफटक. नवा पुतळा टक् वाजत नाही, हे ती पार विसरली होती. माझ्या सवयीने तिने डोळे मिटून घेतले आणि आवाजाची वाट बघत दाबत राहिली. डोळे उघडले तेव्हा परीक्षक पुढच्या मुलीकडे वळले होते.

"दिवा लागना का नही, माले मालूमच नही," ती मला म्हणाली. दोष पुन्हा माझाच निघाला!

मग सुरू झालं वाट बघणं. निकाल पुढच्या आठवड्यात, म्हणायचे. तो आठवडा गेला की पुन्हा पुढच्या आठवड्यात. मला मार बसला तो वरून. तिला आतून बसत होता. तिचा घास तोंडात फिरायचा, ताट तसंच राहायचं. मोबाईल वाजला की तिचं काळीज एवढ्या जोरात धडधडायचं की माझ्यावर वाकल्यावर मला ते ऐकू यायचं. दिवसातून वीस वेळा ती अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे रेंज मिळायची तिथे, जाऊन निकाल बघायची. तिची मैत्रीण रूपा फोनवर म्हणायची, "अगं, सारखं बघून लवकर लागणारे का?" पण भीतीला कोण समजावणार? हात कापायला लागले की ती माझ्याकडे यायची. तीसपर्यंत मोजायची, दोनदा लांब श्वास माझ्यात सोडायची, पुन्हा तीस. पाचव्या फेरीला तिचे हात स्थिर व्हायचे. तिची सगळी भीती मी रोज छातीवर झेलली, आणि त्याबद्दल मी कधीच तक्रार केली नाही.

साक्रीच्या बाजाराच्या दिवशी उखर्डू दुपारीच झिंगून आला. अंगणात मी होतो, त्याच्या पायात आलो. धुणं बडवायची मोगरी कोपऱ्यात उभी होती. ती उचलून त्याने माझ्या तोंडावर हाणली. माझा जबडा फुटला. दुसरा घाव कपाळावर बसला, डोकं मानेपासून लोंबायला लागलं. तो तिसरा हाणणार, तेवढ्यात मंजुळाबाई मध्ये आली.

"मारू नका त्याले!"

जी बाई स्वतःसाठी कधी आवाज काढत नव्हती, ती माझ्यासाठी, एका रबरी धडासाठी, ओरडली! मोगरी तिच्या मनगटावर बसली. ती खाली कोसळली. त्याने पुन्हा हात वर नेला.

तेव्हा दिपमाला पुढे झाली. तिने दोन्ही तळहात बापाच्या छातीच्या मधोमध रोवले, कोपर ताठ केले आणि सगळं अंग घातलं. उखर्डू चार पावलं मागे भेलकांडला आणि निंबाच्या बुंध्यावर आदळून धप्पकन बसला. मोगरी त्याच्या हातून सुटली होती. ती दिपमालाने उचलली. तिचा हात वर गेला. खाली बापाचं उघडं डोकं होतं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? माझा जबडा नुकताच फुटला होता. मी मनात म्हणत होतो, हाण!

तिचा हात वरच थांबला. मग तिने मोगरी कुंपणापलीकडे भिरकावली.

"बा, आते हात उचला ना, तर सरळ पोलीस ठाणामा जासू," ती म्हणाली. उखर्डू तोंड उघडं टाकून बघत राहिला, अगदी माझ्यासारखा. मग उठला आणि झोकांड्या खात निघून गेला.

तिने आईचं मनगट चाचपलं. हाड मोडलं नव्हतं. दोन काड्या लावून तिने फडकं घट्ट बांधलं. गाठ मारून झाल्यावर मात्र तिला आपले दोन्ही हात दिसले. ते आईसमोर धरून ती हुंदके देत म्हणाली, "माय, तूच म्हनेल व्हतं... हाऊ हात बापना शे..."

मंजुळाबाईने चांगल्या हाताने ते दोन्ही धरले. "त्याना हात मारीसन थांबस. तुना माराना आधी थांबना. चुकनू मी, पोरी. हाऊ हात तुनाच शे."

चौथ्या दिवशी रूपाचा फोन आला, निकाल लागला म्हणून. दिपमालाने मोबाईल ओट्यावर ठेवला, माझ्यापाशी बसली, तीस मोजले, दोन श्वास सोडले. माझं डोकं सुतळीने बांधलेलं होतं, हवा जबड्यातून निसटत होती, पण छाती शाबूत होती. टक्. मग ती मोबाईल उचलून रेंजच्या कोपऱ्यात गेली. पाठमोरी उभी राहून तिने निकाल उघडला.

"काय लिखेल शे?" मंजुळाबाईने विचारलं. तिला वाचता येत नाही.

"पास लिखेल शे, माय."

मंजुळाबाई घरात गेली आणि धान्याच्या कोठीमागून एक गाठोडं घेऊन आली. गाठ पक्की बसलेली होती. ते आज बांधलेलं नव्हतं.

"मोगरीना दिनलेच बांधी ठेवं," ती म्हणाली. "तू नापास व्हयती तरी मी निंघनार व्हतू."

दिपमाला तेव्हा जी रडली, तशी नापास झाल्यावरही रडली नव्हती.

आता आम्ही तिघं धुळ्यात एका खोलीत राहतो. उखर्डू सुधारला, असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. मला माहीत नाही. माझा जबडा दिपमालाने टाके घालावेत तसा शिवला आहे. मी आणखी कुरूप दिसतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला अडगळीत तेवढं टाकू नका. भीती वाटली, राग आला, हात शिवशिवले, तर या. माझी छाती उघडीच आहे. पण तुमच्या घरात कुणी मुकाट्याने मार खात असेल, तर तिच्यातून आवाज येत नाही म्हणून तिला दुखत नाही, असं समजू नका.

गेल्या रविवारी दिपमालाने आईला माझ्यासमोर बसवलं. मंजुळाबाईचं मनगट आता बरं झालं आहे. तिने माझ्या छातीवर हात ठेवले आणि थोपटलं.

"आखो जोरमा, माय."

"त्याले दुखी ना वं."

"नही दुखत. आखो."

मंजुळाबाईने माझ्या फुटक्या तोंडाकडे पाहिलं. मग कोपर ताठ केले. इतक्या वर्षांत गिळलेलं सगळं तिच्या खांद्यांत उतरलं, दंडांत आलं, तळहातांत आलं. माझी छाती खोल, खोल गेली आणि मी आयुष्यात वाजलो नव्हतो एवढ्या मोठ्याने वाजलो.

टक्!