सांदीकोपऱ्याचा ठेका

'सांदीकोपरा' हा बँड सुरू झाला तो एका सुतारकामाच्या शेडमध्ये, आणि तेही एवढ्याचसाठी की शेजाऱ्यांना तिथल्या ठोकाठोकीची सवय होती. शेड ज्याची, तो ड्रम वाजवायचा. त्याला सगळे सुतारच म्हणत, पोस्टरवरही तेच छापलं जाई. गाणारा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. व्हायोलिन वाजवणारी शाळेत गाणं शिकवायची, म्हणून ती मास्तरीण. बेस गिटारवाला इतकं कमी बोलायचा की त्याचं नाव मुका पडलं ते पडलंच.

गाणी जुनीच असत. होड्या ओढणाऱ्यांची, मेंढ्या राखणाऱ्यांची, पाळण्याशी बसलेल्या बायकांची. मेहुणा म्हाताऱ्या माणसांच्या उशापायथ्याशी बसून ती ऐकून यायचा आणि मग भुशात मांडी घालून चौघं त्यांना विजेची गिटार आणि ड्रम जोडायचे. जुन्या गाण्यांचे जाणकार म्हणाले, पोरांनी गाण्यांची माती केली. रॉकवाले म्हणाले, हे काय आजीबाईंचं रडगाणं. दोन्हीकडून बोलणी खात बँड चालला, आणि चालता चालता त्याला त्याची माणसं मिळाली. एकदा एका मोठ्या कंपनीने बोलावलं. त्यांना सगळं पसंत होतं, फक्त ड्रमऐवजी मशीनचा ठेका हवा होता. "दाजी नाहीत तर मीपण नाही," असं म्हणून मेहुणा पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठून आला. सुताराने त्याला त्याबद्दल कधी काही बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून तो त्याच्यासाठी विस्तवावरूनही चालला असता.

केस पिकले, लग्नं झाली, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. बँड काही मोडला नाही. मोडायला आली ती सुताराची बोटं. सकाळी रंधा धरताना ती वळेनात. त्याने हे फक्त बायकोला सांगितलं. ती रोज तेल कोमट करून चोळून द्यायची. स्टेजवर मात्र कुणाला कळलेलं नाही अशी त्याची खात्री होती. उलट एका वर्तमानपत्रात छापून आलं होतं की सांदीकोपऱ्याची गाणी आता संथ, खोल आणि मुरलेली झाली आहेत. ते कात्रण त्याने शेडच्या दारामागे चिकटवलं होतं.

एका दुपारी तो केस कापायला बसला होता आणि न्हाव्याच्या रेडिओवर त्यांचंच होडीचं गाणं लागलं. अगदी सुरुवातीचं रेकॉर्डिंग. सवयीने सुताराची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरायला लागली आणि चार ओळींतच मागे पडली. त्याने पुन्हा पकडायचा प्रयत्न केला. गाणं पुढे निघून गेलं.

"तुमचंच ना हे?" न्हावी म्हणाला. "काय पळतंय!"

घरी येऊन त्याने अलीकडचं रेकॉर्डिंग लावलं, मग जुनं लावलं, मग पुन्हा अलीकडचं. अलीकडचं सगळंच हळू होतं. ठेका ड्रमवाल्याने धरायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चालायचं, ही रीत. इथे तिघं जण थकल्या बैलाशी जुळवून घ्यावं तसे त्याच्या चालीने चालत होते, आणि त्याला पत्ताही नव्हता. बायकोला विचारलं तर ती तेलाची वाटी उगीचच पुसत राहिली. तिनेच भावाला सांगितलं होतं.

"माझ्या हातांची बातमी," सुतार म्हणाला, "मी सोडून गावभर झाली म्हणायची."

पुढच्या तालमीला तो ड्रमवर बसलाच नाही. उभ्यानेच त्याने सरळ विचारलं. मेहुणा घाईघाईने म्हणाला, वय झालं, गाणी मुरली, लोकांना तसंच आवडतं. मुका तारा पिळत बसला. मास्तरणीने व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"विचारताय म्हणून सांगते," ती म्हणाली. "दोन वर्षं मी कंटाळून वाजवतेय. होडीचं गाणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध ओढायची होडी आहे. आपण तिला धक्क्याला बांधून ठेवलंय. तुमच्या या मेहुण्यांनी मला शपथ घातली होती, म्हणून गप्प होते."

मेहुणा तिच्यावर भडकला. दाजींशिवाय बँड नाही, हे मी त्या कंपनीलाही सांगितलं होतं आणि आताही सांगतोय, असं म्हणाला. सुताराला वाईट वाटलं, आणि मेहुण्याची माया खोटी नव्हती म्हणून जास्तच वाटलं. पण खरं बोलल्याबद्दल मास्तरणीचा त्याला राग आला नाही. राग आला तो मेहुण्याचा, आणि त्याच्यावर तर रागावताही येईना.

"अरे, हा बँड आहे," तो शेवटी म्हणाला, "माझी शुश्रूषा नाही."

काही दिवस तो शेडमध्ये नुसतीच स्टुलं बनवत बसला. मग स्वतःच मास्तरणीकडे गेला. तिची एक जुनी विद्यार्थिनी होती, आता दोन मुलांची आई, दवाखान्यात नर्स. सुटीच्या दिवशी एका हॉटेलात ड्रम वाजवायची. सुताराने तिला ऐकलं आणि शेडमध्ये घेऊन आला. धावती गाणी तिची, पाळण्याची आणि संथ गाणी आपली, असं त्यानेच ठरवलं. मेहुणा आठवडाभर त्याच्याशी नीट बोलला नाही.

पहिला कार्यक्रम एका बागेत होता, भर दुपारी. सुतार बायकोशेजारी खुर्चीत बसला. होडीचं गाणं सुरू झालं आणि तो आतून जळला, कारण नर्स चांगली वाजवत होती. एका जागी त्याची खास थाप तिने गाळली, तेव्हा त्याला लाज वाटावी इतका आनंद झाला. मग गाणं वेगात आलं. मास्तरणीचा गज असा पळायला लागला की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं खुर्चीतून पुढे सरकली.

इतकी वर्षं मागे बसून त्याने सगळ्यांच्या पाठीच पाहिल्या होत्या. मेहुण्याचं टक्कल कसं कसं वाढत गेलं ते त्याला ठाऊक होतं, पण गाताना त्याचं तोंड असं लहान मुलासारखं वेडंवाकडं होतं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मुका डोळे मिटून ओठांतल्या ओठांत सगळे शब्द म्हणत होता. मुका! सुतार हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "तुमचं गाणं आलं."