पान अकरा

बेल्ह्याहून आलेल्या त्या पत्राला सावळेराम गुरुजींनी उत्तर दिलंच नव्हतं. तीन महिने ते शब्दकोशाखाली पडून होतं, आणि शब्दकोश तर त्यांना दिवसातून दहादा लागायचा.

पत्र सायराबानूचं. बाप जलाल मिस्त्री. त्याच्याच हाताखाली ती गवंडीकाम शिकली, आणि आता एका संस्थेच्या वर्गात चौदा बायांना शिकवत होती. वर्गाचं पुस्तक मात्र गुरुजींचं. संस्थेला सोपं मराठी लिहिणारा हवा होता, आणि गुरुजींनी पेठच्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलेलं. सायराबानूनं लिहिलं होतं: ‘पान अकरावर गवंडी ओळंबा सोडतो आणि बाई माल आणून देते. वर्गातल्या भागूच्या सासऱ्यांनी, चिमाजींनी, हेच पान घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. पुस्तकातच लिहिलंय, बाईनं माल द्यायचा, असं म्हणाले. भागूचं येणं बंद झालं. काय करू ते कळवा.’

गुरुजींनी पाच-सहा कागद सुरू केले आणि फाडले. गवंडीण लिहावं, का स्त्री-गवंडी? आणि ज्याला भिंतीत धड खिळा ठोकता येत नाही, त्यानं कुठल्या तोंडानं सांगावं?

मग एका बुधवारी संस्थेचा फोन आला. शनिवारी पुस्तक पुन्हा छापायला जातंय, काही दुरुस्ती आहे का? ‘काही नाही,’ गुरुजी सवयीनं बोलून गेले. फोन ठेवल्यावर त्यांनी शब्दकोशाखालचं पत्र काढून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एसटी धरली आणि आळेफाट्याला गाडी बदलून बेल्हे गाठलं.

गावाबाहेर वर्गातल्या बायांचं एका खोलीचं बांधकाम चाललं होतं. सहज बघायला आलो, एवढंच ते म्हणाले. सायराबानूनं घमेलं पालथं घालून त्यांना बसायला दिलं.

भिंतीचा कोपरा धोंडाबाईकडे होता. पन्नाशीची बाई, पंचवीस वर्षं डोक्यावर घमेली वाहिलेली. तिनं वरून ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाचं पितळी वजन हेलकावे खाऊ लागलं आणि सगळं काम थांबलं. कोणी थापी वाजवीना, कोणी बोलेना. हेलकावा लहान होत गेला, आणखी लहान, आणि मग वजन स्थिर झालं. धोंडाबाईनं एक डोळा मिटला.

“सूतभर भाईर,” ती म्हणाली.

सायराबानूनं मोजून पाहिलं. सूतभरच, इंचाचा आठवा भाग. धोंडाबाईनं थापीच्या मुठीनं एका विटेला दोन हलके ठोके दिले. दोरी पुन्हा सोडली, आणि भिंत सरळ होती.

गुरुजी घमेल्यावरून उठून उभे राहिले. ‘ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन,’ असं त्यांनी लिहिलं होतं आणि आपल्याला तो कळला असं धरून चालले होते. इथं तर पार पृथ्वीच्या पोटातून एक सरळ रेघ निघून ह्या बाईच्या बोटाशी येऊन थांबली होती, आणि ती बाई पुढची वीट उचलत होती.

त्यांनी चाचरत विचारलं, “बाई, तुम्हाला काय म्हणायचं? गवंडीण?”

बाया फिस्सकन हसल्या. धोंडाबाई म्हणाली,

“गवंडीण म्हंजी गवंड्याची बायकू, पावणं. माजा मालक टेम्पो चालिवतो. मंग काय, टेम्पोवालीनं भित बांदली म्हनायचं?”

“मग काय म्हणू?”

“गवंडीच म्हना की. तेवडा शबुद पुरतो आमाला.”

“त्या पुस्तकवाल्याला न्हाई कळलं ते,” मागून कोणीतरी म्हणालं. “त्यानं भित बघितली आसंल, पर पाठ टेकायला.”

सगळ्या हसल्या. गुरुजीही हसले, कान मात्र तापले होते. नाव सांगायचा धीर झाला नाही. कडेला एक थापी धुऊन टेकवून ठेवलेली होती, तिला कोणी हात लावत नव्हतं. ती भागूची, सायराबानू म्हणाली. पंधरा तारखेपर्यंत तिची जागा धरता येईल, पुढं परीक्षेला नाव जाणार नाही.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी संस्थेला फोन लावला. छापू नका. चूक माझी आहे, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण बुधवारी ‘काही नाही’ म्हणणारेही तेच होते.

मग पान अकरा समोर घेतलं. ‘गवंडी ओळंबा सोडते.’ एका कान्याचा फरक. ‘गवंडी’ला हातही लावावा लागला नाही, जन्मभर व्याकरण शिकवून त्यांना हे दिसलं नव्हतं.

सगळं पान त्यांनी नव्यानं, ठळक अक्षरात उतरवलं आणि खाली लिहिलं: ‘चिमाजी यांस, जुन्या पानावर चुकलो तो मी, पुस्तक लिहिणारा. ते पान आता पुस्तकात नाही. हे नवं पान घरात मोठ्यानं वाचावं, ही विनंती.’ खाली पूर्ण नावाची सही केली. सायराबानूसाठी माफीच्या अर्धं पानभर ओळी लिहिल्या, खोडल्या, आणि एकच ठेवली: ‘घमेल्यावर बसलेला पाहुणा मीच होतो.’

दोन्ही कागद सायराबानूच्या नावाच्या एकाच पाकिटात घातले. पत्ता त्यांनी टपालपेटीपाशी उभं राहून पुन्हा दोनदा वाचला. पाकीट आत सोडलं, आणि अडकलं तर नाही ना म्हणून पेटीच्या तोंडात बोटं घालून चाचपलं. ते खाली पडलेलं होतं.