लॉबीत पडलेला पाय

सामना संपायला पाऊण मिनिट होतं आणि फलकावर दोन्हीकडे सव्वीस-सव्वीस लागले होते. अमृत औटी खुर्चीवरून केव्हाच उठला होता. नारायणगावाजवळच्या एका शाळेत तो खेळाचा शिक्षक. बारा वर्षं मुलींची कबड्डी शिकवत होता, पण त्याची टीम विभागाच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदाच आली होती. मंचरला मॅट टाकून सामने भरवले होते. जिंकणारी टीम राज्याला जाणार होती, आणि जिंकलेल्या टीममधल्या दोघींना पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात घेणार होते. तिथं राहणं, खाणं, शिकणं आणि रोज दोन वेळा मॅटवर सराव. त्या दोन जागा कुणाच्या, हे शाळेत कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण शिपायालासुद्धा ठाऊक होतं. एक दहावीतल्या साक्षी रोकडेची आणि दुसरी नववीतल्या संस्कृती वाजगेची.

चढाई आपली होती. साक्षीनं अमृतकडं पाहिलं, संस्कृतीनंही पाहिलं. साक्षी आधीच्या दोन चढायांत पकडली गेली होती. अमृतनं संस्कृतीकडं बोट केलं.

पोरगी विजेसारखी गेली. डावीकडच्या कोपऱ्यात शिरली, वाकली, कोपऱ्यातल्या मुलीच्या दंडाला बोटं लावली आणि चौघींच्या मधून सुटून मध्यरेषेवर पालथी पडली. पंचानं शिट्टी फुंकून एक बोट वर केलं. सत्तावीस-सव्वीस. शाळेच्या गावाहून, वारूळवाडीहून आलेली माणसं उड्या मारायला लागली. साक्षीनं धावत येऊन संस्कृतीला मिठी मारली.

संस्कृती मिठीतून सुटली. पंचाकडं वळली आणि तिनं हात वर केला.

मॅटच्या दोन्ही कडांना मीटरभर रुंदीची पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. चढाई करणाऱ्या मुलीनं समोरच्या कुणाला हात लावण्याआधी त्या पट्टीत पाय ठेवला, तर ती बाद.

"सर, माझा पाय लॉबीत पडला होता," संस्कृती म्हणाली. "तिला हात लावायच्या आधी."

त्या बाजूच्या पंचाच्या आड एक बचावपटू आली होती, त्याला काही दिसलं नव्हतं. दोन्ही पंच एकमेकांकडं बघत राहिले. मग मुख्य पंच उठून आला. त्यानं संस्कृतीला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. गुण काढून घेतला, समोरच्यांना एक दिला आणि संस्कृतीला बाहेर बसवलं.

उरलेले वीस-पंचवीस सेकंद समोरच्या टीमची चढाईपटू मॅटवर नुसती इकडून तिकडं चालत राहिली. नियमापुरता एकदा पाय आत टाकला आणि मागं सरकली. तिनं काहीही चुकीचं केलं नाही. साक्षी तिला पकडायला दोनदा पुढं झेपावली, दोन्ही वेळा ती रेषेजवळ जाऊन उभी राहिली. मग लांब शिट्टी झाली.

 परतताना कळंबच्या पुढं एका मुलीला उलटी आली म्हणून गाडी थांबवली. तेव्हा अमृतच्या लक्षात आलं की, संस्कृती एकटीच पुढच्या सीटवर बसलीय आणि बाकीच्या अकरा जणी मागं दाटीवाटीनं बसल्यात. साक्षी खिडकीला डोकं लावून होती. रडत नव्हती. अमृतला वाटलं, उठावं आणि संस्कृतीच्या पाठीवर हात ठेवावा. पण मागून अकरा जणी बघत होत्या. तो बसून राहिला.

हात वर करायला त्यानंच शिकवलं होतं. सरावाच्या पहिल्या दिवशी तो पोरींना सांगायचा, "आपला पाय कुठं पडला ते पंचाच्या आधी आपल्याला कळतं. ज्याला कळलं त्यानं सांगायचं." सरावात कुणी लपवलं तर मैदानाला पाच फेऱ्या. बारा वर्षं हे चाललं होतं, पण सरावातल्या आऊटची किंमत पाच फेऱ्यांपलीकडं कधी गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हाच विषय. गणिताचे सावळेराम सर म्हणाले, "पंचानं शिट्टी दिली की तेच खरं. खेळाचा नियम खेळाडूनं लावायचा नसतो. उद्या पंचानं चुकून हिला आऊट दिलं असतं तर समोरच्या पोरी आल्या असत्या का सांगायला, की ही नाबाद आहे म्हणून?"

मराठीच्या बाई म्हणाल्या, "मग पंचाची पाठ फिरली की काहीही करायचं का?"

"काहीही नाही हो बाई. सगळे जेवढं करतात तेवढं."

अमृत दोघांचं ऐकत होता. दोघांचंही त्याला पटत होतं, हीच अडचण होती.

त्यानं निवड समितीतल्या एका गृहस्थांना फोन लावला. साक्षीची नुसती चाचणी घ्या म्हणाला. एक दिवस, एक तास. वय बसतं, तिनं या स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण घेतलेत, कागद पाठवतो. गृहस्थ भले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, पोरगी चांगली आहे, मी पाहिलीय तिला. पण जागा विजेत्या टीमला आहेत. मी तुमच्यासाठी नियम वाकवला तर उद्या आणखी दहा फोन येतील," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्याच मुलीनं नियम पाळून दाखवला ना सगळ्यांना. मग आम्ही कसा मोडायचा?"

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी ती सतरा वर्षांच्या आत बसणार नाही."

ते अमृतला माहीत होतं. साक्षीला शाळेत वर्षभर उशिरा घातलं होतं. डिसेंबरात तिचं वय निघून जाणार होतं. संस्कृतीला अजून दोन वर्षं होती.

तोपर्यंत कुणीतरी मोबाइलवर घेतलेली ती चढाई गावोगाव फिरली होती. ओतूरपासून मंचरपर्यंत ज्याच्या त्याच्या ग्रुपवर ती हात वर केलेली पोरगी. खाली लोकांनी लिहिलेलं, अशी लेक घरोघरी जन्माला येवो. जुन्नरच्या एका मंडळानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, मोठी ढाल. संस्कृतीचे वडील भगवंत वाजगे द्राक्षबागायतदार, चार लोकांत उठबस असलेले. ते पांढरे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते. आख्खी टीम बोलावली होती. साक्षीही आली, तिसऱ्या रांगेत बसली. भाषणात पाहुणे म्हणाले की, सामना हरला पण माणुसकी जिंकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साक्षीनंही वाजवल्या, सगळ्यांनी थांबवल्यावर तिनंही थांबवल्या. अमृत तिच्याकडंच बघत होता. त्याला वाटलं, या पोरीनं निदान उठून निघून तरी जावं.

संस्कृतीनं ढाल घेतली तेव्हा फोटोवाला तिला तीनदा म्हणाला, ताई, जरा हसा.

त्यानंतर आठवड्यानं अमृत नारायणगावला साक्षीच्या वडिलांकडं गेला. तुळशीदास रोकडेंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथं येतात. भिंतीवर बुद्धाचा लहानसा फोटो, खाली साक्षीची प्रमाणपत्रं एका ओळीत लावलेली. तुळशीदास तांब्याची तार गुंडाळत होते. अमृतला बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं आणि चहा सांगितला.

"तुळशीदासभाऊ, मी खूप प्रयत्न केला," अमृत म्हणाला.

"ठावं हाये सर. साक्षी बोलली, सरांनी फोन केलेते म्हून."

चहा आला. तुळशीदासांनी आपला कप बाजूला ठेवला.

"सर, राग मानू नका. खोटं बोल असं आमच्या घरात कुनी शिकवल्यालं न्हाई. ती पोरगी खरं बोलली, लई चांगलं केलं. माझी पोरगी तिच्या जागी असती तर मीबी तिला तेच सांगितलं असतं." ते तार तपासत बोलत होते. "पर मला एक उमगत न्हाई. खरं बोलली ती, तिला शाल मिळाली. तिला अजून दोन सालं हायेत. तिचा मामा कबड्डी असोसिएशनवर हाये, आज न्हाई तर उद्या तिचं व्हईल. आमचा तिथं कोन हाये? आमच्याकडं मैदान तेवढं व्हतं. खरं बोलली ती, अन् त्याचं मोल भरलं साक्षीनं. तिला कुनी इचारलंबी न्हाई, बाई, तुझी तयारी हाये का म्हून."

अमृतनं कप हातात तसाच धरला होता.

"मी चिडल्यालो न्हाई सर," तुळशीदास म्हणाले. "कुनावर चिडायचं तेच कळंना, म्हून बोललो. चहा घ्या, निवतोय."

अमृतनं चहा घेतला. निघताना त्यांनी त्याला दारापर्यंत सोडलं, नमस्कार केला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटेवर राहून राहून वाटत होतं.

शाळा सुटल्यावर पुन्हा सराव सुरू झाला. साक्षी येईनाशी झाली, दहावीचा अभ्यास आहे असा तिनं निरोप पाठवला. संस्कृती यायची, पण पोरी तिच्याशी कामापुरतं बोलायच्या. मोहिमेवर गेल्यासारखी ती यायची, खेळायची आणि सायकल काढून निघून जायची. एका संध्याकाळी बाकीच्या गेल्यावर ती मैदानाच्या कडेला थांबून राहिली.

"सर, मला चढाईला पाठवू नका. मी कोपऱ्यात खेळते. पकडीत."

"का?"

"पकडीत एवढं कळत नाही. कुणाचा पाय, कुणाचा हात. तिथं सगळे एकदमच असतात."

 ती पायातल्या बुटानं माती उकरत होती.

"सर, मी चुकले का?"

या प्रश्नाची त्याला महिनाभर भीती होती. तू बरोबर होतीस म्हणावं, तर तुळशीदासांची तार डोळ्यांपुढं यायची. चुकलीस म्हणावं, तर आपण बारा वर्षं काय शिकवलं?

"तू खरं बोललीस," तो म्हणाला.

"ते मला माहितीय. मी चुकले का ते विचारतेय." मग हळूच म्हणाली, "तुम्ही असता तर काय केलं असतं?"

खोटं बोलायची ती अगदी सोपी वेळ होती. मैदानावर तिसरं कुणी नव्हतं.

"मी होतो," अमृत म्हणाला. "राज्याच्या सामन्यात, वीस वर्षं झाली. समोरच्या पोराची बोटं माझ्या गुडघ्याला लागली होती. पंचांनी पाहिलं नाही. त्यांनी मला विचारलं, लागलं का? मी मान हलवली, नाही म्हणालो. तो पोरगा हात जोडून सांगत होता, सर, लागलंय, देवाशपथ लागलंय. आम्ही एका गुणानं जिंकलो. त्या पदकावर मला ही नोकरी लागली."



"त्या पोराचं काय झालं?"

"माहीत नाही. नावसुद्धा माहीत नाही."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात म्हणून आम्हाला शिकवायला आलात," ती म्हणाली. टोचून नाही, हिशेब जुळतो का बघावं तशी. "आणि आम्हाला खरं बोलायला शिकवलंत."

"हो."

"मग आता मी काय करू?"

"मला कळत नाही, बाळा."

तिनं मान डोलावली. चाळीस वर्षांच्या माणसाला आपल्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, हे तिला त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा कळलं. सायकलचं कुलूप काढून ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कोपऱ्यात खेळू लागली. बरी खेळायची. पण आपणहून पुढं पाऊल टाकायची ती तिची धमक पुन्हा दिसली नाही. पुढच्या हंगामात टीम तालुक्यालाच हरली. भगवंतरावांनी येऊन विचारलं, सर, पोरगी चढाईला का पाठवत नाही? अमृतनं सांगितलं, तीच नको म्हणते. त्यांचा विश्वास बसला नाही.

त्या हंगामाच्या आधीची, जुलैमधली गोष्ट. अमृतला शिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीला जुन्नरला जायचं होतं. नारायणगावच्या एसटी स्टँडवर तो उभा होता, तर समोर साक्षी. पाठीला दप्तर, हातात पास. ओतूरच्या कॉलेजात अकरावी कॉमर्सला प्रवेश घेतला होता. उंची वाढल्यासारखी वाटत होती. तिनं आपणहून येऊन नमस्कार केला.

"कॉलेजात कबड्डी आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे. मुलांची आहे. मुली सात होत नाहीत."

"मी बोलू का तिथल्या सरांशी?"

"नको सर. बस उशिरा सुटते, घरी यायला अंधार पडतो."

दोघं बसची वाट बघत उभे राहिले. टोमॅटोच्या क्रेट लादलेल्या दोन गाड्या स्टँडसमोर अडकून पडल्या होत्या, त्यांचे भोंगे चालले होते. भोंगे थांबल्यावर साक्षी म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही संस्कृतीला पाठवलंत. मला का नाही?"

"तू दोनदा पकडली गेली होतीस."

"हो. तेच असणार."  "मला सगळे विचारतात, तू असतीस तर हात वर केला असतास का. पप्पा पण विचारतात. मी केला असता, सर. लॉबीत पाय पडला असता तर मी पण केला असता. आपली सवयच तशी आहे."

"मग हरलोच असतो," अमृत म्हणाला.

"हरलोच असतो," ती म्हणाली. "पण मग ते मी केलेलं असतं."

ओतूरची बस आली. गर्दी दारावर तुटून पडली. साक्षीनं दोन्ही कोपर बाहेर काढले, एका बाजूनं अंग चोरून आत शिरली आणि खिडकीजवळची जागा धरली. अमृत खिडकीखाली उभा राहिला.  कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. साक्षीनं हात हलवला, त्यानंही हलवला, आणि बस निघून गेल्यावरही तो तिथंच उभा होता. जुन्नरची बस कधी लागली आणि कधी सुटली, ते त्याला कळलं नाही.