अकरा किलोमीटरची बस

दरड शेवटी हटली. रस्ता मोकळा झाला, फीत कापली गेली आणि एक्याऐंशी दिवस अडकून पडलेली बस सुखरूप बाहेर आली. झालं. आता हे सगळं विसरून जाऊ, कारण खात्याच्या दप्तरी यातलं काहीच घडलेलं नाही. बस अडकलीच नव्हती, तर सुटणार कुठून?

हा घोळ ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत घातला होता.

त्या दिवशी घाटातली त्याची शेवटची फेरी होती. एकोणीस वर्षं एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र घेऊन बस चालवल्यावर त्याची बदली मंजूर झाली होती. तीही सपाट मुलखातल्या त्या गावी, जिथे त्याची बायको शाळेत शिकवायची आणि जिथलं सगळ्यात अवघड वळण म्हणजे पाण्याच्या टाकीला घालायचा वळसा. काम सोपं होतं. बस डेपोत जमा करायची, साहेबांची सही घ्यायची, कार्यमुक्त व्हायचं आणि तीन महिन्यांच्या आत तिकडे हजर व्हायचं. नाही झालं तर बदली रद्द.

एकतिसावं वळण ओलांडलं आणि मागे डोंगर खाली आला. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, "वाचलो" म्हणाला आणि गिअर बदलला. अकरा किलोमीटर पुढे पुलाजवळ पोहोचला, तर तिथला डोंगर आधीच येऊन बसला होता.

त्याने डेपोत फोन लावला.

"साहेब, मी चालत येतो. माणसं दरडीवरून ये-जा करतायत."

"तू ये रे. पण बस?"

"बस कशी चालत येईल?"

"मग मी सही कशावर करू? जाताना बस घेऊन गेलायस. नुसताच परत आलास तर चौकशी लावावी लागेल, बस कुठे विकली म्हणून."

यावर एक उपाय होता. 'अडकलेल्या वाहनाचा अहवाल' नावाचा एक नमुना असतो. तो भरला की मुख्य कार्यालय चालकाला जागेवरूनच मोकळं करतं. पण त्याच्या तीन प्रती लागतात, अडथळ्यासकट वाहनाचा फोटो लागतो आणि विभागीय तपासनिसांची समक्ष सही लागते. तपासनीस दरडीपलीकडे होते आणि त्यांचे गुडघे त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. त्यात रस्त्यावरचा मुकादम सांगून गेला की दोन दिवसांत मोकळं करतो. दोन दिवसांसाठी कोण तीन प्रती काढतो? दोन दिवसांनी तो पुन्हा तेच सांगून गेला. ड्रायव्हरने पुन्हा तोच विचार केला. माणूस दमला की आशेवर राहतो, कारण तिला कागद लागत नाहीत.

कंडक्टरबाईंचं बरं होतं. त्यांचं माहेर नेमकं दोन दरडींमधल्या एका गावात. त्या संध्याकाळी आईकडे जायच्या आणि सकाळी धुतलेल्या कपड्यांत, तेल लावून हजर व्हायच्या. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर झोपायचा. ती सीट लांब असली, तरी त्याच्यापेक्षा चार बोटं कमीच होती.

"दादा, बस उभी राहिली की बॅटरी उतरते," तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या. "माणसाचंही तसंच. चार फेऱ्या मारू या."

"कुठून कुठपर्यंत?"

"या दरडीपासून त्या दरडीपर्यंत."

"आणि मग?"

"मग परत. एकोणीस वर्षं वेगळं काय केलंत?"

ड्रायव्हरने किल्ली फिरवली.

अकरा किलोमीटर, पाच गावं, दिवसाला बारा फेऱ्या. डिझेल होडीतून येऊ लागलं. बाई रोजचं फेरीपत्रक भरायच्या, खाली ड्रायव्हर सही करायचा आणि ते परतीच्या होडीने डेपोत जायचं. 'फेऱ्या: बारा. रद्द: शून्य. उशीर: शून्य.' वेळापत्रकच नव्हतं, तर उशीर कशाला होईल? 'अडथळा' असाही एक रकाना होता. ड्रायव्हरने पहिल्या दिवशी तिथे प्रामाणिकपणे विचार केला. तो दरडीला धडकला नव्हता. दरडीच्या अलीकडे थांबून, वळवून परत आला होता. त्याने 'नाही' लिहिलं. पुढे रोज तेच उतरवत गेला.

पाच गावांना इतक्या वर्षांत दिवसाला दोन बस मिळायच्या, त्याही तुडुंब. आता पाऊण तासाला एक यायला लागली. महिन्याभरात लोक लाडावले. एक आजोबा थांब्यावर हात करून बस थांबवायचे, आत डोकावायचे आणि म्हणायचे, "नको, सावलीकडची खिडकी गेली. पुढची घेतो."

"आजोबा, पुढची पण मीच आहे."

"असू दे की. तुझं मी काही वाईट म्हणतोय का?"

दुपारच्या सुट्टीत बायकोचा फोन यायचा.

"अहो, घरमालकाला मी सांगून ठेवलंय, मला नवरा आहे. आता तो माझ्याकडे दयेने बघतो."

"फोटो दाखव ना माझा."

"दाखवला. म्हणाला, गेले कधी?"

ड्रायव्हर हसला. ती हसली नाही.

"एकवीस दिवस उरलेत हो," ती म्हणाली. "बदली रद्द झाली तर पुन्हा अर्ज, पुन्हा सहा वर्षं. मी डब्यात दोघांचं भरते आणि स्टाफरूममध्ये वाटून टाकते. तुमचं येणं व्हायचं नसेल तर तसं सांगा, मी एकाचं भरायला लागते."

"दोन दिवसांत मोकळा करतो म्हणालाय मुकादम."

पलीकडे शाळेची घंटा झाली.

सत्तराव्या दिवशी डिझेलच्या होडीतून एक पाकीट आलं. आत अभिनंदनाचं पत्र होतं. सलग दोन महिने एकही फेरी रद्द नाही, एकही मिनिट उशीर नाही, अडथळा नाही. खात्यातला सर्वांत वक्तशीर मार्ग. ड्रायव्हरने ते दोनदा वाचलं. बाईंनी एकदाच वाचलं आणि म्हणाल्या, "दादा, हे काही बरं लक्षण नाही."

एक्याऐंशीव्या दिवशी रस्ता खुला झाला. ड्रायव्हरने समुद्राच्या बाजूच्या झऱ्यावर बस धुतली, शर्ट धुतला, तो ओलाच घातला आणि बस थेट डेपोत नेऊन लावली. नऊ दिवस हातात होते. त्याने किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "तू इथे काय करतोयस? तुझी अकराची फेरी आहे."

"बस जमा करायला आलोय, साहेब."

"या डेपोची नाही ती आता. तुमचा मार्ग कायम झालाय. पुलापासून एकतिसाव्या वळणापर्यंत. बस तिकडच्या डेपोत जमा कर."

"तिकडे डेपो नाही."

"म्हणून तर तुला तिकडचा प्रभारी नेमलंय."

ड्रायव्हर खुर्चीत बसला. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. "मग मीच बस जमा करून घेतो आणि मीच माझी सही करतो."

"स्वतःला कार्यमुक्त करता येत नाही. तसं असतं तर मी इथे बसलो असतो का?" साहेब बोलले आणि क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिले.

"साहेब, मी एक्याऐंशी दिवस अडकलो होतो."

साहेबांनी कपाटातून फेरीपत्रकांचा गठ्ठा काढला आणि पुढे सरकवला. "'अडथळा: नाही'. रोज एक सही. हस्ताक्षर सुंदर आहे तुझं. अडकलेल्याला मी आत्ता सोडला असता बघ. पण नमुन्याला अडथळ्याचा फोटो लागतो, आणि अडथळा तर आज सकाळी उचलून नेला."

बाहेर बसमध्ये कंडक्टरबाईंनी दोनदा घंटी वाजवली. अकरा वाजत आले होते. ड्रायव्हरने साहेबांकडे एक कोरा कागद मागितला आणि तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला घेतला:

प्रति,
मुख्य वाहतूक अधिकारी

विषय: दरड पाडून मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती करतो की, सदर मार्गावर एकतिसाव्या वळणाजवळ एक व पुलाजवळ एक, अशा एकूण दोन दरडी येत्या सोमवारपूर्वी, कार्यालयीन वेळेत, रस्त्यावर कोणी नसल्याची खात्री करून पुन्हा पाडण्यात याव्यात. दरडी लहान असल्या तरी चालतील. मात्र फोटोत बसाव्यात. विभागीय तपासनीस साहेबांना गुडघ्यांचा त्रास असल्याने त्यांना आदल्या दिवशीच दरडीच्या अलीकडे आणून बसविण्यात यावे. या खेपेस अहवाल विहित नमुन्यात, तीन प्रतींत व त्याच दिवशी सादर करण्याची मी हमी देतो. तरी माझी अडकण्याची व्यवस्था तातडीने व्हावी, ही विनंती.